आवश्यक म्हणजे कशासाठी? शिक्षणमंत्र्यांना एक खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

सप्रेम नमस्कार. कॉलेजे प्रवेशाच्या वेळी देतात त्या लॅपटॉपच्या यादीबद्दल लिहितो आहे.

फोंड्यात माझे लॅपटॉप दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. जुने लॅपटॉप विकतोही. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचून कोणी म्हणेल की याचा माल खपावा म्हणून पत्र लिहिले. म्हणू दे.

मे महिन्यात सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून बाप-लेक दुकानात आले. मुलगी बारावी पास, बी.कॉम.ला प्रवेश घेतलेला. बापाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्याच पिशवीत रेशनकार्ड आणि काजू विकल्याची पावती होती. कागदावर कॉलेजचा शिक्का आणि खाली यादी: आय फाइव्ह प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू), १६ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (साठवणीची डिस्क), विंडोज ११, एमएस ऑफिस. वर ठळक अक्षरांत ‘आवश्यक’. बापाने यादीवर बोट ठेवून विचारले, “भाऊ, हें आय फायव म्हणल्यार कितले इंच?” मुलगी लाजून रस्त्याकडे बघू लागली.

या यादीतला नवा लॅपटॉप माझ्या माहितीच्या दुकानांत साठ हजारांच्या आसपास जातो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे १६ जीबी हा आकडा आता नुसता टाइप करायला सोपा, खिशाला नाही. मुलीच्या आईला सरकारच्या गृह आधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. साठ हजार व्हायला ४० महिने लागतील. तीन वर्षांची पदवी ३६ महिन्यांत हातात पडते. आणि लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे या साठ हजारांतले नऊ हजारांहून थोडे जास्त कर म्हणून जातात. त्यातला निम्मा वाटा आपल्या राज्याचा.

मी मुलीला विचारले, पहिल्या वर्षी कॉम्प्युटरवर काय करायचे आहे? तिला ठाऊक नव्हते. मीच कॉलेजात फोन लावला. ऑफिसात उत्तर मिळाले, “यादी वरून आली आहे.” मग ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून कळले की ती मुळात बीसीएसाठी, म्हणजे संगणकाच्या पदवीसाठी केलेली. तीच सगळ्या शाखांना वाटली.

आता बीसीएला ती यादी लागत असेल, मी वाद घालत नाही. मोबाइलची ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ ८ जीबी रॅमवर सुरू होतो खरा, पण धापा टाकतो. इंजिनिअरिंगच्या मुलाला आराखडे काढायचे ऑटोकॅड लागते, त्याला विंडोज नसलेली स्वस्तातली क्रोमबुक घेऊन दिली तर बापाचे पैसे पाण्यात. अशा मुलांना मी स्वतः सांगतो, थोडे थांबा पण चांगले घ्या. बी.कॉम.ला मात्र हिशेबाची टॅली, एक्सेल आणि प्रोजेक्ट लिहायला वर्ड. टॅली ४ जीबीवरही चालते. शिकणाऱ्याला तिचा फुकटचा एज्युकेशनल मोड मिळतो, त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी घेता येतात. सरावाला तेवढे पुरते. बी.ए. मराठीची मुलगी अभंगाचे रसग्रहण युनिकोडात टाइप करणार, तिला तर दहा वर्षांपूर्वीचे यंत्रही विंडोजऐवजी फुकटची लिनक्स प्रणाली घालून देता येईल. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षे लिनक्सवरच चालतात.

विंडोज ११ ची मात्र खरी अडचण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणे थांबवले, आणि ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा (२०१७ पासून येऊ लागलेला) किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून थोरल्या भावाचा २०१६ चा धडधाकट लॅपटॉप धाकटीला चालत नाही. कॉलेजच्या कागदावर ही एक ओळ लिहिली असती, तर निदान जुना घेताना काय बघायचे ते लोकांना कळले असते. माझ्या फळीवर कंपनीतून निघालेला आठव्या पिढीचा एक लॅपटॉप होता. ८ जीबी, नवी एसएसडी घातलेली, १८ हजारांना. टॅली, एक्सेल, विंडोज ११ सगळे चालते. बापाने तो हातात घेतला, उघडून बघितला आणि परत ठेवला. “कॉलेजान ना म्हळें जाल्यार?” म्हणजे, कॉलेजने नाही म्हटले तर?

शिक्का असलेल्या कागदावर ‘आवश्यक’ लिहिले की सत्तरी तालुक्यातल्या बापाला तो हुकूम वाटतो. शहरातला पालक प्राचार्यांना फोन करून विचारतो, “सर, खरेच लागेल का?” हा नाही विचारणार.

आणखी एक, यादी करणाऱ्यांच्या ध्यानात पावसाळा नसतो. ही मुले जूनमध्ये कदंबच्या सरकारी बसमध्ये लोंबकळत, पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप घेऊन येतात. जुलैत माझ्या टेबलावर कीबोर्डखाली हिरवा गंज चढलेले मदरबोर्ड रांगेने असतात. कोणी तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवून आणतो, म्हणजे गंज आणखी दोन दिवस खोल. पाणी जाऊन झालेले नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही. साठ हजारांचे यंत्र रोज पाठीवरून न्यायला लावण्याआधी कॉलेजातली लॅब संध्याकाळी शेवटच्या बसपर्यंत उघडी ठेवता येईल का, हे कोणी विचारावे. ग्रंथालयातून पुस्तक घरी मिळते, तसे पाच-दहा लॅपटॉप अनामत घेऊन परीक्षेच्या महिन्यात द्यायलाही हरकत नसावी.

मी स्वतः हे काम शिकलो ते सायबरएज योजनेतल्या संगणकांवर. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना अकरावीच्या मुलांच्या घरी सरकारने संगणक पोचवले. आमच्या वाड्यावर त्यातला एक बंद पडला की मलाच हाक यायची. ती योजना जशीच्या तशी परत आणा असे मी म्हणत नाही; वाटलेली किती यंत्रे खोक्यातच राहिली तेही मी बघितले आहे.

माझे मागणे कमी खर्चाचे आहे. अर्ज भरायच्या आधी, प्रत्येक शाखेची यादी वेगळी आणि मराठी-कोकणीतही लागावी. विभागप्रमुखांची सही त्याखाली हवी. कोणते सॉफ्टवेअर कोणत्या सत्रात लागते, ते कमीत कमी कशावर चालते, जुना लॅपटॉप चालेल का, एवढे त्यात असावे. ज्या वस्तूचे कारण विभागाला लिहिता येत नाही, ती ‘आवश्यक’ खाली येऊ नये. आपल्या खात्याचे एक परिपत्रक एवढे करू शकते.

तो १८ हजारांचा लॅपटॉप मी अजून विकलेला नाही. मुलीचे नाव लिहून चिठ्ठी चिकटवून ठेवला आहे. कॉलेजकडून ‘चालेल’ असे लेखी मिळाले की काजूच्या पैशांतून अर्धे लगेच आणि अर्धे गणेश चवथीनंतर, असे तिच्या बापाशी ठरले आहे.

आपला,
फोंड्यातला एक दुरुस्तीवाला