ओंकारच्या प्रश्नाचं उत्तर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझं आणि बाबांचं जे झालं त्यावर मी काही बोलणार नाही. स्नायपरच्या कोर्सला तुझी निवड झाली हे त्यांनी शेजारीपाजारी सांगून झालंय, एवढं फक्त कानावर घालते. तू विचारलंस, मोठ्या रायफलची एक गोळी सुटतं क्षेपणास्त्र निकामी करेल का, आणि ते म्हणाले मूर्खासारखं बोलू नकोस. प्रश्न मूर्खपणाचा नाही. क्षेपणास्त्रांच्या इंधन भरलेल्या नळ्यांचे एक्स-रे बघण्यात माझी अख्खी नोकरी गेली, तेव्हा उत्तर मी देते. प्रश्नाचंच देईन, बाकी काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आधी द्रव इंधनाचं बघू. स्कड हे सोव्हिएत बनावटीचं क्षेपणास्त्र घे. लांबी ११ मीटरच्या वर, व्यास ८८ सेंटिमीटर, वजन जवळजवळ ६ टन. त्यातलं बरंचसं वजन म्हणजे रॉकेलच्या जातीचं इंधन आणि लाल धूर सोडणारं नायट्रिक आम्ल. टाक्यांचा पत्रा पातळ, कारण वाढलेला प्रत्येक किलो पल्ला खातो. तुझ्या १२.७ मिलिमीटरच्या गोळीपुढे तो पत्रा टिकणार नाही. गोळीसुद्धा लागत नाही खरं तर. १९८० च्या सप्टेंबरात अमेरिकेत, आर्कान्सातल्या डमॅस्कसजवळ, टायटन-२ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या भुयारात काम करणाऱ्याच्या पान्याचं सॉकेट निसटलं. साडेतीन किलोंचं असेल. २४ मीटर खाली पडलं, उसळलं आणि पहिल्या टप्प्याच्या इंधनटाकीला भोक पाडून गेलं. आठेक तासांनी स्फोट झाला, ७४० टनांचं झाकण उडालं. अण्वस्त्र फुटलं नाही, पण २१ जण जखमी झाले आणि एक गेला. पंखा चालू करायला तो परत आत गेला होता. विशीतला पोरगा.

म्हणजे उभं, भरलेलं, द्रव इंधनाचं क्षेपणास्त्र एका भोकानं वाया जाऊ शकतं. तुझं बरोबर. पण ते आम्ल गळायला लागलं की त्याचा ढग वारा नेईल तिकडे जातो. तुम्ही वारा बघता तो गोळी किती सरकेल यासाठी. मी विचारते, तो वारा तुझ्याकडे असला तर? तू पोटावर पडलेला, जमिनीला चिकटून, आणि ती वाफ हवेपेक्षा जड.

बरं, पुढे. तू ‘सुटतं’ म्हणालास, म्हणजे इंजिन पेटल्यावरचं. कागद घे. दीड किलोमीटर अंतर धर. सुरुवातीला सेकंदाला साडेआठशे मीटर असलेली गोळी वाटेत मंदावते, पोचायला दोन सेकंदांहून जास्त घेते. क्षेपणास्त्राचा जोर वजनाच्या दुप्पट धरला, तर दोन सेकंदांत ते वीस मीटर वर गेलेलं असतं. तू नेम धरलास तिथे आता शेपटीखालची ज्वाळा आहे. पाचव्या सेकंदाला सव्वाशे मीटर. पुढचा अंदाज घेऊन झाडता येईल, तू झाडशीलही, पण खालून उठणारी धूळ नि धूर यातून बघायचं काय?

घन इंधन हे माझं घर. नळीत भरलेलं ते खोडरबरासारखं असतं, अंगठ्यानं दाबलं तर किंचित दबतं. फिल्मवर आम्ही केसाएवढी भेग शोधायचो. भेग म्हणजे जळायला जास्तीचा पृष्ठभाग, म्हणून जास्त वायू, मग दाब चढतो आणि नळी फुटते. संध्याकाळी डोळे असे शिणायचे की घरी आल्यावर तुझ्या वहीवरच्या रेघासुद्धा मला भेगा दिसायच्या. तू म्हणशील, मग गोळीचं भोक तर भेगेच्या कितीतरी पट मोठं. हो, फुटेलही. पण चॅलेंजर हे अमेरिकेचं अवकाशयान आठव, २८ जानेवारी १९८६. उजव्या बूस्टरच्या, म्हणजे बाजूला जोडलेल्या घन इंधनाच्या रॉकेटच्या, सांध्यातून ज्वाळा बाहेर येत होती, ७३ व्या सेकंदाला सगळं विस्कटलं, आणि दोन्ही बूस्टर, तो भोक पडलेला धरून, उडतच राहिले. शेवटी खालून संकेत पाठवून नष्ट करावे लागले. शिवाय नाटोच्या एका चाचणीत दारूगोळ्यावर मुद्दाम १२.७ मिलिमीटरच्या तीन चिलखतभेदी गोळ्या झाडतात, साडेआठशेच्याच वेगानं. नुसतं जळलं तर चालतं, स्फोट नको. तुझ्या गोळीचा विचार तिकडच्या माणसांनीही करून ठेवलेला असतो. भुयारातली, पाणबुडीतली, बंद नळीतून बाहेर फेकली जाणारी तर तुला दिसणारच नाहीत वेळेवर.

आणि २०१६ च्या फाल्कनचं तू वाचलं असशीलच. १ सप्टेंबरला केप कॅनव्हरलला इंधन भरतानाच रॉकेट फुटलं, तेव्हा लांबून कुणी गोळी झाडली का हेही तपासलं गेलं. निघालं काय, तर ऑक्सिजनच्या टाकीतली हेलियमची बाटली फुटली होती.

आता जे लिहायचं नव्हतं ते. १९९१ मध्ये इराकच्या पश्चिम वाळवंटात ब्रिटिशांनी आणि अमेरिकनांनी स्कड शोधायला माणसं उतरवली. वरून विमानं शेकडो फेऱ्या मारत होती, तरी त्यांनी एकही फिरतं लाँचर, म्हणजे क्षेपणास्त्र सोडणारी गाडी, नक्की उडवल्याचा ठोस पुरावा युद्धानंतर सापडला नाही. म्हणजे दिसण्याइतकं जवळ जायचं कुणी, तर माणसांनी. ब्रिटिशांची एक आठ जणांची तुकडी होती. तीन मेले, चार पकडले गेले, एकटा चालत सीरियात पोचला. मेलेल्यांतले दोघे थंडीनं गेले, ओंकार. वाळवंटात, थंडीनं. तुझ्या आकृतीत क्षेपणास्त्राचं वजन आहे, वेग आहे, अंतर आहे. झाडणाऱ्याच्या जागी नुसता ठिपका आहे. झाडल्यावर तो ठिपका कुठे जातो ते तू काढलेलं नाहीस.

पुन्हा शिकवायला लागले, रागावू नकोस. तुमचे शिक्षक हे सगळं शिकवत असतील, माझ्याहून चांगलं.

तू पाच-सहा वर्षांचा असताना लपाछपीत पलंगाखालच्या गाद्यांच्या मागे शिरलास, आठवतं? ताई रडायला लागली, खेळ मोडला, मी जिन्यापासून गच्चीपर्यंत हाका मारत फिरले. तू ऐकत होतास आणि हलला नाहीस. नंतर म्हणालास, "राज्य संपलं असं कुणी म्हटलंच नाही." बाबा हसले, मला मात्र तुझे कान उपटावेसे वाटले होते. निवडीच्या वेळी तू तासन्‌तास न हलता पडून राहिलास म्हणून अधिकाऱ्यांनी कौतुक केलं, हे तू सांगितलंस तेव्हा मला अभिमान वाटला. वाटलाच. त्यांना काय माहीत, हा हाकेलासुद्धा उठत नाही.

तर तुझं उत्तर: उभं असेल, द्रव इंधनाचं असेल, भरलेलं असेल आणि तुला कुणी इतकं जवळ येऊ दिलं असेल, तर हो. सुटल्यावर, जवळजवळ नाहीच. बाबांना मी हे दाखवलं. "उभं असेल तर ठीक आहे," एवढं म्हणाले, म्हणजे अर्धं मान्य. त्यांना तू फोन कर, ते करणार नाहीत.

आणि पुढच्या पत्रात मला रायफलचं काही लिहू नकोस. परत आणायला कोण येतं, किती वेळ थांबतं आणि तू ठरल्या जागी पोचला नाहीस तर पुढे काय करतात, ते लिही. सांगण्यासारखं नसेल तर तसं लिही, पण विचारून घे.

तुझी,
आई

ता.क. नायट्रिक आम्लाच्या वाफांचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. डोळे चुरचुरायचे थांबले म्हणजे सुटलो असं समजायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. तुझा खोकला गेला का?