आलमट्टीच्या अलीकडची सांगली : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की सांगलीच्या पुरावर बैठक होते आणि ती आलमट्टीवर, म्हणजे कृष्णेवर सांगलीच्या खाली असलेल्या कर्नाटकातल्या धरणावर, येऊन थांबते. त्या धरणाची पातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरवर नेण्याला महाराष्ट्राचा विरोध आहे, आणि तो असावाच. पण ती लढाई दोन राज्यांची आहे, लांबत राहील. हे पत्र आलमट्टीच्या अलीकडच्या, म्हणजे तुमच्या खात्याच्या हातातल्या गोष्टींबद्दल आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 साली महापालिका झाली. मिरज रेल्वे जंक्शनचे आणि दवाखान्यांचे, कुपवाड कारखान्यांचे. नदीकाठ आला सांगलीच्या वाट्याला. गणपती पेठ, मारुती चौक, शिवाजी मंडई हा जुना बाजार कृष्णेला खेटूनच आहे. पुराने इथल्या व्यापाराचे काय नेले हे बघायचे तर हरिपूरची पेवे बघावीत. अरुंद तोंडाचे, पोटात रुंद असे खोल खड्डे. आत पाला आणि चटया लावून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत प्राणवायू उरत नसल्याने कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षे टिकते. (उघडल्यावर लगेच माणूस उतरवायचा नाही, तेही याच कारणाने.) 2005 च्या पुराचे पाणी पेवांत शिरले, हळद कुजली आणि बहुतेक साठवण गोदामांकडे गेली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा पेवांचे दिवस सरत आले होते.

आता धरणांचा हिशेब. सांगलीच्या वरच्या अंगाच्या कोयना धरणाची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). पायथा वीजगृहातून 2,100 क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडले तर दिवसाला जेमतेम 0.18 टीएमसी जागा होते. वक्र दरवाजे उचलून 20,000 क्युसेक सोडले तरी 10 टीएमसी रिकामे करायला जवळपास सहा दिवस लागतात, आणि पाणी सांडव्यापर्यंत आल्याशिवाय त्या दरवाज्यांचा उपयोगच नाही. अतिवृष्टीचा इशारा आल्यावर जागा करू म्हणणे म्हणजे उशीर झालाच. पुढे पाऊस दडी मारेल आणि वीज-सिंचनाला पाणी कमी पडेल, ही अभियंत्यांची भीती खरी आहे. ती एकट्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर ठेवू नका. जलाशय परिचलनाचा आराखडा, म्हणजे कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचे वेळापत्रक, रोजच्या साठ्याशेजारी जाहीर करा. साठा आराखड्याच्या वर गेला तर का गेला आणि कोणाच्या आदेशाने, हेही तिथेच लिहा.

वारणा नदीवरच्या चांदोली धरणाचे 34.40 टीएमसी याच हिशेबात धरायला हवेत. वारणा कृष्णेला मिळते ती हरिपूरला, शहराच्या खालच्या अंगाला. वारणा फुगली की कृष्णेचा फुगवटा सांगलीत चढतो. त्यामुळे दोन धरणांच्या विसर्गाचे माथे संगमावर एकाच वेळी येणार नाहीत, हे आधी मांडून मगच दरवाजे उचलावेत.

तरीही सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित काम शहरातच आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता या बाजूला मात्र नदी काठ ओलांडण्याची वाट बघत नाही. पाणी नाल्यांतून उलटे येते. नाल्याच्या तोंडाला बाहेरच्या बाजूने उघडणारी झडप बसवली तर नदी चढताच ती दाबाने मिटते. ती मिटत नाही याची कारणे ठरलेली : फटीत अडकलेले प्लास्टिक आणि जलपर्णी, गंजलेली बिजागरे, खाली साचलेला गाळ. म्हणून झडपेच्या अलीकडे जाळी हवी, आणि मे महिन्यात झडप हाताने उघडून-मिटून बघायला हवी.

झडप मिटली की शहराचे पावसाचे पाणी आत अडते. हे विसरून केलेले काम लोकांनाच बुडवते. एक चौरस किलोमीटरवर दिवसात 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला 60 टक्के वाहून आला, तर 30,000 घनमीटर पाणी होते. ते चोवीस तासांत सहा मीटर उचलायला सुमारे 45 अश्वशक्तीचा पंप पुरतो. जोडीला तेवढाच राखीव. पंप डिझेलचा हवा, कारण पुराच्या भागात वीज बंद करावीच लागते. तो तराफ्यावर हवा किंवा 2019 च्या पातळीच्या वर. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या पुढे गेले होते. त्याखाली बांधलेले पंपघर पहिल्या मोठ्या पुरात बुडेल. हे सारे उपयोगी पडेल ते नदी प्रत्यक्ष काठ ओलांडेपर्यंतच. 57 फुटांचा पूर झडपेने थांबत नाही, पण चाळिशीच्या आतबाहेरचा पूर घरात यायचे कारण नाही.

राहिली पूररेषा. निळ्या रेषेच्या (सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत भराव टाकायला बंदी आहे, तरी मुरूम पडतो तो उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी. रेषा नकाशावर असते, जागेवर नसते. दर शंभर मीटरला दगड रोवा, त्यावर पातळी कोरा, आणि प्रत्येक भागात विजेच्या खांबांवर 'आयर्विनला इतके फूट म्हणजे इथे पाणी' असा पट्टा रंगवा. लोक तुमच्या संदेशाआधी घर सोडतील.

झडपा महापालिकेच्या की जलसंपदा खात्याच्या, हा वाद आहेच. त्याचा निकाल आपण एका पानाच्या आदेशाने लावू शकता. तो मेअखेरीस निघावा, एवढी विनंती.

आपले,
कृष्णाकाठचे सांगलीकर