'मोफत' भेटीची अट आधी सांगा

महोदय, रत्नागिरीच्या बाजारात एक कूपन भरलं आणि आठवड्यात फोन आला, "भेटवस्तू लागलीय, जोडीनं या." हॉटेलात दोन तास सहल-क्लबचं सभासदत्व गळ्यात मारायचा खटाटोप. शेवटी हाती पडलं तीन दिवसांच्या 'मोफत' मुक्कामाचं व्हाउचर. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत बुकिंगचे ३,५०० रुपये! (सौ.नी चष्मा लावून वाचलं म्हणून कळलं.) दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रतिसाद देण्याचा, वस्तू नेण्याचा वा पोहोचवण्याचा अटळ खर्च वगळता पैसे पडणार असतील तर 'मोफत' म्हणता येत नाही. मग विक्रीसाठी बोलावतोय, हे फोनवरच का सांगत नाहीत? आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

— एक वाचक, रत्नागिरी