राजवाडा गेला, नगारखाना उरला

महोदय,

नागपूरच्या महाल भागात पाहुणे आले की ‘भोसल्यांचा राजवाडा कुठे?’ असं हमखास विचारतात. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला तो वाडा 1864च्या आगीत गेला. उरला तो नगारखाना, म्हणजे वाड्याचा दरवाजा. भोसले राजे रघुजी तिसरे 1853 साली वारले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्यानंतर दहाच वर्षांत वाडाही जळाला. नागपूरकरांनी किती सोसावं!

नगारखान्याची युक्ती मात्र पाहण्यासारखी असते. खाली हत्ती-घोड्यांची वाट, वर वाजंत्र्यांची जागा. नगारा नि सनई उंचावर, म्हणूनच वेळेची वर्दी गल्लीबोळांपर्यंत पोचायची. घड्याळ तेव्हा कोणाच्या मनगटावर होतं?

आता विनंती एकच. अशा वास्तूंची डागडुजी निघाली की पहिली येते ती सिमेंटची पोती. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि मग जुनं लाकूड कुजतं. दगडांमधल्या फटी चुन्यानेच भराव्यात. चुना ओल बाहेर सोडतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी शोधावे लागतील, वेळही लागेल. लागू द्या. आणि फ्लेक्स लावायला शहरात दुसरे खांब पुष्कळ आहेत.

— एक वाचक, महाल, नागपूर