आंबट ताक बागेला घालण्याबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

विषय : आंबट ताक व आंबवलेल्या पिठाचे पाणी सोसायटीच्या बागेला घालण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

बागेत ताक ओतायला समितीने बंदी घातली, त्यामागचे कारण रास्त आहे. तळमजल्यावर वास गेला, मुंग्या लागल्या. पण कोणीतरी उरलेले दही-ताक गाठींसकट थेट आळ्यात रिकामे करत होते. ते वरच्या वर सडणार, दुसरे काय होणार?

कढीपत्त्याला आंबट ताक घालण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि ती निराधार नाही. बागेला आपण बोअरचे पाणी देतो. ते किती जड आहे, हे नळांवरच्या पांढऱ्या थरावरून दिसतेच. अशा पाण्याने मातीचा सामू (पीएच) वाढत जातो, म्हणजे आम्लपणा कमी होतो, आणि लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. गेटजवळच्या कढीपत्त्याची कोवळी पाने पाहावीत : पान पिवळे, शिरा तेवढ्या हिरव्या. ताकातले लॅक्टिक आम्ल इथे थोडे उपयोगी पडते, शिवाय थोडे नत्र, स्फुरद आणि कॅल्शियमही मिळते. मात्र मातीतले जिवाणू ते आम्ल लवकरच संपवतात. त्यामुळे ताक मिळतेय म्हणून शेणखत बंद करता येणार नाही. (खजिनदारांनी कृपया नोंद घ्यावी.)

पंप रूममागे पडून असलेला निळा ड्रम माळीकाकांना द्यावा. रहिवाशांनी फक्त रविवारी सकाळी, गाळलेले ताक आणि इडली-आंबोळीच्या पिठाचे भांडे विसळलेले पाणी त्यात आणून ओतावे. एक तांब्या ताकाला दहा तांबे पाणी घालून ते त्याच दिवशी संपवावे, साठवू नये. पानांवर न टाकता आळ्यातली माती उकरून घालावे व वर माती ओढावी. एका झाडाला महिन्यातून एकदा पुरे.

लोणच्याचा खार, गाजराची कांजी, मीठ घातलेला मठ्ठा ड्रममध्ये अजिबात नको. मीठ मातीत साठत जाते, मग ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. फोडणीचे ताकही नकोच.

सी विंगमधल्या काही घरी फळांच्या साली आंबवून बायोएन्झाइम करतात (एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने). ते फार आंबट असते, बादलीभर पाण्यात दोन चमचेच घालावे. सुरुवातीला त्या बाटल्यांची झाकणे रोज सैल करायला त्यांना जरूर सांगावे, वायू कोंडून बाटली फुटते.

पहिले दोन महिने फक्त कंपाउंडलगतच्या जास्वंदी आणि कढीपत्त्याला घालून पाहू. ड्रम धुण्याचे काम माझ्याकडे राहील. वासाची तक्रार आली तर त्याच दिवशी बंद करू. येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली,
बी विंगमधील एक सभासद