पाणी तोडून खोली रिकामी होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनमध्ये जळगावात खोल्यांचे सौदे होतात आणि दिवाळी उलटली की त्याच खोल्यांवरून भांडणं सुरू होतात. दोघांना दिलेल्या खोलीत पाच जण राहायला लागतात. पाच तारखेचं भाडं वीस तारखेवर जातं. कुणी तर मालकाला न विचारता खोली मित्राच्या हवाली करून सरळ गावी निघून जातो. मीही दोन खोल्या भाड्याने देतो, तेव्हा घरमालकाचा वैताग मला कुणी सांगायला नको. पण तो वैताग आमच्यातले काही जण ज्या तऱ्हेने काढतात, ती मालकाच्याच अंगाशी येते.

आमच्या कॉलनीत एका मालकाने थकलेल्या भाड्यापायी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि सबमीटरची वायर काढून टाकली. मे महिना, पारा 45 च्या आसपास, वर पत्र्याचं छत, कूलर बंद आणि घरात तान्हं लेकरू. शेजारच्या बायकांनी हंडे भरून दिले. चार महिन्यांचं भाडं बुडवणारा भाडेकरू गल्लीत बिचारा ठरला आणि ज्याचे पैसे अडकले होते तो कसाई. प्रकरण पोलिसांत गेलं तेव्हा मालकाने काढून दाखवला तो स्टॅम्प पेपरवरचा, नोटरी केलेला, अकरा महिन्यांचा करार. तोही मुदत संपलेला!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 प्रमाणे सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हा गुन्हा आहे. आणि अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडे पक्का बसलेला समज चुकीचा आहे. कलम 55 नुसार करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'मी भाडेकरूच आहे' असं त्याने म्हटलं, की थकबाकीसाठीसुद्धा आधी लेखी नोटीस, मग 90 दिवस थांबणं, मग कोर्ट.

याउलट राहण्यासाठीचा लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) नोंदवलेला असेल, तर मुदत संपूनही न हलणाऱ्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि तेवढ्या काळाची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने मागता येते. यासाठी खर्च किती? शहरात नोंदणी फी 1000 रुपये आणि वर एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक. डिपॉझिट म्हणून दहा-वीस हजार घेणारे आम्ही हजार रुपयांसाठी हात आखडतो.

नियम म्हणजे तरी काय, हेही आम्ही मालकांनी तपासायला हवं. रात्री नऊला गेट बंद, पाहुणा आला तर वेगळे पैसे, खोलीत मटण शिजवायचं नाही... हे सगळं सामान आत आल्यावर तोंडी सांगायचं आणि पोरांनी मोडलं की ओरडायचं. हा नियमभंग नव्हे, मालकाची लहर झाली. जे चालणार नाही ते आधीच करारात लिहा: किती माणसं राहणार, कूलरचं बिल कसं धरणार, किती दिवस आधी कळवून खोली सोडायची. अट मोडली तर त्याच दिवशी लेखी कळवा, तारीख टाका. भाड्याची पावती द्या, कायद्याने ती द्यावीच लागते. पावती चुकवणारे मालक ती का चुकवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते असो.

नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, पण आधार, अंगठ्याचं यंत्र, वेबसाइट या भानगडीत साठी उलटलेला मालक पडत नाही आणि मग एजंट सांगेल तो कागद सही करून मोकळा होतो. नोंदणी विभागाने जून महिन्यात विद्यापीठ आणि कॉलेजांच्या परिसरात चार-आठ दिवस शिबिरं लावावीत. मालक आणि विद्यार्थी दोघेही तेव्हा तिथेच असतात. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक घरमालक वाचक, जळगाव