छाटलेल्या फांद्या राणीच्या बागेत पाठवा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की आमच्या परळमध्ये झाडांची छाटणी सुरू होते. परवा वड-उंबराच्या हिरव्यागार फांद्यांनी भरलेला टेम्पो गल्लीतून गेला आणि मला परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयातला गोरिला आठवला.

मुलीकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. जेवण आटोपल्यावर तो खाली वाकला, खाल्लेले उलटून तळहातावर घेतले आणि पुन्हा चाटून खाल्ले. असे चार-पाच वेळा. लोक 'शी शी' करत पुढे सरकले. नातवाने विचारले, "आजोबा, हा रवंथ करतोय का?" मी बेधडक 'हो' म्हणालो.

चुकलोच. गाय रवंथ करते, कारण तिच्या पोटाची रचनाच तशी असते. गोरिलाचे पोट तसे नाही. ही खोड पिंजऱ्यातली आहे. रानात पाला, कोंब, देठ ओरबाडत, सोलत, चावत त्याचा जवळपास अर्धा दिवस जातो. पिंजऱ्यात बिस्किटे नि गोड फळे मिळतात आणि ताट घटकेत साफ. पोट भरते, पण हातातोंडाला काम उरत नाही.

अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयाने बेबॅक आणि मोकोलो या दोन नरांची बिस्किटे बंद करून टोपल्या भरभरून पालेभाजी, शेंगा आणि झाडांच्या फांद्या दिल्या. खाण्यात दिवसाचा पाव हिस्सा जायचा, तो निम्म्यावर गेला. उलटून खाणे थांबले. उष्मांक पूर्वीच्या जवळपास दुप्पट पोटात जात असूनही वर्षभरात प्रत्येकी सुमारे ३० किलो वजन उतरले! पिंजऱ्यातल्या नर गोरिलांना हृदयविकार फार, त्यामुळे हे उतरलेले वजन महत्त्वाचे.

आपल्या राणीच्या बागेत गोरिला नाही. माकडे आणि हरणे आहेत, आणि वेळ कसा घालवायचा हा प्रश्न त्यांनाही असणारच. छाटणीतल्या फांद्या बागेच्या पशुवैद्यांनी निवडून घ्याव्यात. कण्हेरीसारखी विषारी झाडे आणि औषध फवारलेला पाला बाजूला काढावा, रस्त्याकडेची धूळ धुऊन टाकावी आणि उरलेला चारा उंचावर, जाळीत, दिवसातून तीन-चारदा टांगावा. पाला खाली ढीग घालून ठेवला तर अर्धा फायदा गेला. तो ओढून काढावा लागला पाहिजे.

झाडे महापालिकेची, बागही महापालिकेचीच. परळहून भायखळा टेम्पोला काही लांब नाही.

– एक वाचक, परळ